सी आणि फॉक्सप्रोची सवय, ऑब्जेक्ट काही डोक्यात बसत नाहीत

पत्र थोडक्यात असं: वाचक कोल्हापूरजवळच्या एका गावातले, वय 44. 2001 साली राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये टर्बो सी (म्हणजे सी भाषा) शिकले, मग फॉक्सप्रो (डेटाबेसची जुनी भाषा), आणि पुढं वीस वर्षं गावोगावच्या दूध संस्थांना सॉफ्टवेअर लिहून दिलं. संकलन, दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याची उधारी, सगळं एकट्यानं. दीड वर्षापूर्वी शहरातल्या एका छोट्या कंपनीत लागले, तिथं तेच दुधाचं सॉफ्टवेअर जावा या ऑब्जेक्टवर आधारलेल्या भाषेत नव्यानं लिहायचं चाललंय. टीम लीड 27 वर्षांचा, सर म्हणतो, मान देतो, पण परवा कोड बघताना सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, हे जावात लिहिलेलं सी आहे." ते लागलंय मनाला. दोन ऑनलाइन कोर्स झाले, त्यात प्राणी, मग कुत्रा, मग मांजर. त्याच चालीवर यांनी प्राणी क्लास (कोडमधला क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा) केला, त्यातनं गाय आणि म्हैस काढली आणि तिथंच अडकले. दुसऱ्यांचा कोड वाचताना "कुठनं सुरू होतं आणि कुठं संपतं तेच दिसत नाही" म्हणतात. पत्रासोबत आपला एक क्लासही जोडलाय. प्रश्न असा: "ताई, इतकी वर्षं एका पद्धतीनं चाललेलं डोकं आता वळेल का? सगळं विसरून पहिल्यापासून शिकू, तीस हजारांचा क्लास लावू, की गुमान टेस्टिंगला नाहीतर सपोर्टला जाऊ?"

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी परत वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना मला त्या लीडचा राग आला होता आणि रागात उत्तर लिहायचं नव्हतं. चार लोकांत बोलायला नको होतं त्यानं. पण तो बोलला ते त्या कोडबद्दल, आणि तुम्हाला ते तुमच्या वीस वर्षांबद्दल ऐकू आलं. कोडबद्दल तो किती बरोबर आहे ते खाली सांगते, वीस वर्षांबद्दल मात्र त्यानं काही म्हटलेलंच नाही.

"सगळं विसरून पहिल्यापासून" हे जे लिहिलंय ना, ते आधी काढून टाका. विसरायचं काहीच नाही. सी मध्ये फाईल उघडताना काय करायचा ते आठवा. एफओपन म्हणायचं, ते एक पॉइंटर द्यायचं, तो एफप्रिंटएफला द्यायचा, शेवटी एफक्लोजला द्यायचा. त्या फाईल नावाच्या स्ट्रक्चरच्या आत बफर (डिस्कवर जायच्या आधीचा तात्पुरता साठा) कुठं आहे, किती भरलाय, डिस्कवर कधी उतरणार, हे कधी उघडून बघितलं का? गरजच पडली नाही, आणि तुमच्या प्रोग्रामातल्या एकाही ओळीनं त्या बफरला हात लावला नाही. माहिती आत ठेवलेली, तिच्यावरची कामं ठरलेली, बाहेरच्यानं नुसतं काम सांगायचं. ऑब्जेक्ट म्हणतात तो हाच, तुम्ही तो 2001 पासून वापरताय. बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सी ला क्लास जोडायचं काम सुरू केलं तेव्हा त्याचं नावसुद्धा 'सी विथ क्लासेस' होतं, त्याचं सी प्लस प्लस झालं 1983 ला, म्हणजे तुमच्याच वाड्यातनं निघालेली वाट आहे ही. आणि जावातल्या मेथडच्या (क्लासमधल्या फंक्शनच्या) आत आपण जे लिहितो, आधी हे कर, मग ते कर, लूप फिरव, बेरीज घे, ते आजही प्रोसिजरलच असतं, तिथं तुमचा हात बसलेला आहे.

खाशाबा जाधवांचं आपल्याकडं कुणाला सांगायला नको. 1948 ला लंडनला गेले तेव्हा मातीतला पैलवान मॅटवर उतरला होता, नियमही परके, तरी सहावा नंबर आला, आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ. मधल्या चार वर्षांत ते कुस्ती विसरले नाहीत, मॅटवर कसं उभं राहायचं ते शिकले.

आता म्हशीकडं येते, कारण तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग तोच आहे. तुम्ही लिहिलंय, "म्हैस क्लास केला, पण तिनं काय करायचं तेच सुचेना." दादा, सुचलं नाही कारण तुमचं डोकं बरोबर चाललंय. दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये म्हैस येतच नाही. सकाळी साडेसहाला संस्थेच्या दारात सभासद येतो, किटली येते, म्हैस गोठ्यातच असते. तिचं वय, तिचं वेत, ती कधी आटणार, यातलं काहीही तुमच्या प्रोग्रामला माहीत नाही आणि नको पण आहे. त्याला कळतं ते एवढंच की हे दूध म्हशीचं म्हणून आलंय, आणि त्यावरनं कुठलं दरपत्रक बघायचं ते ठरतं. एका अक्षराचं काम आहे ते, त्याच्यासाठी अख्खी म्हैस कशाला बांधायची.

कोर्सवाल्यांनी हे प्राणी आणले कुठनं म्हणाल तर त्याला एक इतिहास आहे. ऑब्जेक्ट आणि क्लास ही कल्पना पहिल्यांदा नीट उभी राहिली ती नॉर्वेत, ओस्लोला, ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या सिम्युला 67 या भाषेत, आणि नावातच आहे तसं ती सिम्युलेशनसाठी होती. सिम्युलेशनमध्ये खरोखरच्या जगातल्या गोष्टी प्रोग्राममध्ये हलवून बघायच्या असतात, तिथं जगातली वस्तू आणि प्रोग्राममधला ऑब्जेक्ट यांची जोडी साहजिक लागते. उद्या कुणी तुमच्याकडनं गोठ्याचं सॉफ्टवेअर मागितलं, कुठली म्हैस कधी व्याली, कुठलीला कधी लस दिली, तर तिथं म्हैस क्लास हवाच. पण क्लास म्हणजे दिसणाऱ्या वस्तूंची यादी, हे जे तुम्ही धरून चाललाय (आणि कोर्सनं तेच धरायला लावलं) ते मला पटत नाही, आणि तुमची बरीचशी अडचण तिथनं आलीय.

मग क्लास कशाचे करायचे? मी अशा वेळी एकच प्रश्न विचारते, हे काम कुणाचं? तुमच्याच प्रोग्राममधला दर घ्या. फॉक्सप्रोमध्ये तुम्ही दराचा एक ग्लोबल ऍरे (सगळ्या प्रोग्रामला उघडा असलेला तक्ता) ठेवला होता, एका बाजूला फॅट, दुसऱ्या बाजूला एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), आणि संकलनाची स्क्रीन, पावती, बिल, संघाचा रिपोर्ट, जो तो आपापला त्या ऍरेत हात घालायचा. तुम्हीच लिहिलंय की एकदा 16 तारखेपासून दर वाढला, म्हणजे 11 ते 20 च्या बिलाच्या बरोबर मधोमध, तेव्हा सात ठिकाणी तारखेचा इफ (अट) टाकावा लागला, आठवी जागा राहिली, आणि सभासदाच्या पावतीवर एक दर आणि बिलावर दुसरा. रात्रभर बसून निस्तरलं ते. ती रात्र का उगवली? तुम्हाला प्रोग्रामिंग येत नव्हतं म्हणून अजिबात नाही. "अमक्या तारखेला, म्हशीच्या 6.2 फॅट आणि 9.1 एसएनएफच्या दुधाला लिटरला किती" याचं उत्तर द्यायचं काम कुणा एकाचं नव्हतं म्हणून उगवली.

ते काम एकाला द्या. दरपत्रक म्हणा त्याला. बाहेरच्यांनी तारीख, दुधाचा प्रकार, फॅट आणि एसएनएफ सांगायचं आणि दर घ्यायचा, बस. आत ऍरे आहे का डेटाबेसचं टेबल आहे, जुना दर कुठल्या तारखेपर्यंत, फॅट ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलं तर काय, हे सगळं त्याच्या पोटात. 16 तारखेचा बदल मग एका ठिकाणी होतो आणि बिलाला पत्ता लागत नाही. बघा, यात वारसा (एका क्लासमधनं दुसरा काढणं) नाही, पॉलिमॉर्फिझम नाही, कोर्समधला एकही अवघड शब्द नाही, आणि तरी माझ्या हिशोबानं अर्धंअधिक ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइन इथं झालंय. डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञांनी 1972 मध्येच हे मांडलं होतं, की प्रोग्रामचे तुकडे फ्लोचार्ट बघून कामाच्या क्रमानं पाडू नका, जो निर्णय उद्या बदलू शकतो तो एकेक निर्णय एकेका तुकड्यात लपवा. ते तेव्हा क्लासबद्दल बोलतही नव्हते. सी मध्ये पण करता आलं असतं हे, आणि चांगलं सी लिहिणारे करतातच.

आता लीडचं वाक्य. तुम्ही जोडलेला बिलसर्व्हिस क्लास मी नीट बघितला. सभासद, उचल, पशुखाद्य उधारी असे क्लास आहेत खरे, पण ते नुसते डबे आहेत, गेट आणि सेट (आतलं वाचायचं आणि बदलायचं), दुसरं काही नाही, आणि सगळी अक्कल त्या एका बिलसर्व्हिसमध्ये, त्यातली बिल काढायची मेथड 340 ओळींची. ती मेथड प्रत्येक डबा उघडते, आतलं बाहेर काढते, हिशोब करते, परत आत ठेवते. डीबीएफच्या (माहितीच्या) फायली एकीकडं आणि प्रोग्राम एकीकडं, ही फॉक्सप्रोची मांडणी जशीच्या तशी आलीय. तर हो, कोडबद्दल तो बरोबर आहे. पण हे दुरुस्त करायला तीस हजार लागत नाहीत.

त्या मेथडमध्ये कपातीचा भाग बघा, साधारण मधे आहे. उचल असेल तर हप्ता काप, पशुखाद्य असेल तर सगळी बाकी काप पण बिलात पैसे पुरत नसतील तर उरलेली पुढच्या बिलाला ने, ठेव असेल तर लिटरमागं ठरलेले पैसे काप. तीन इफ, प्रत्येकाच्या आत आणखी इफ. आता प्रत्येक कपातीलाच विचारा: हे बिल बघ, एवढे पैसे उरलेत, तू किती घेणार? उचलीनं आपला हप्ता आणि आपली बाकी बघून सांगायचं, पशुखाद्यानं पुढं न्यायचं आपलं आपण लक्षात ठेवायचं, ठेवीनं लिटर बघून सांगायचं. बिलानं फक्त एकामागून एक विचारत जायचं आणि वजा करत जायचं. आधी कोण कापणार हा क्रम बिलानं ठरवायचा, कारण पैसे कमी पडले तर कुणाची कपात मागं राहणार हा संस्थेचा निर्णय असतो, उचलीचा नाही. उद्या संस्थेनं विम्याचा हप्ता कापायचा ठरवला तर एक नवीन क्लास येईल, आणि बिलाचा लूप आहे तसाच राहील. ज्याला पॉलिमॉर्फिझम म्हणून घाबरवतात ते एवढंच आहे, तोच प्रश्न, आणि ज्यानं त्यानं आपल्या पद्धतीनं दिलेलं उत्तर.

पण सगळे इफ असे उडवायला जाऊ नका हां. गाय का म्हैस हा इफ तुमच्या कोडमध्ये वीस वर्षं आहे, तिसरा प्रकार आलेला नाही, तो राहू दे, काही बिघडत नाही. कपाती मात्र दर दोन-तीन वर्षांनी वाढतात असं तुम्हीच म्हणताय, म्हणून तिथं क्लास. आणि उलटंही असतं, प्रकार ठरलेले तेवढेच आणि त्यांना विचारायचे प्रश्न रोज नवे, आज हा रिपोर्ट, उद्या तो, तर तिथं एका जागी ठेवलेला स्विचच सोयीचा पडतो, नाहीतर प्रत्येक रिपोर्टसाठी सगळे क्लास उघडत बसायला लागतं. कुठली बाजू वाढणार ते बघून ठरवायचं, आणि हे बघायला दूध संस्था आतनं माहीत असायला लागते. ते तुमच्या टीममध्ये फक्त तुम्हाला माहीत आहे.

वारशाबद्दल पण बोलायला हवं, कारण कोर्स सगळे तिथनंच सुरू होतात. मी नवीन होते तेव्हा एका फौंड्रीच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. कास्टिंग हा वरचा क्लास. त्याखाली ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न (बिडाचे दोन प्रकार). त्या प्रत्येकाखाली मशीनिंग झालेलं आणि कच्चं. त्याखाली रंगवलेलं आणि बिनरंगाचं. नुसत्या शेवटच्या पायरीवरच आठ क्लास झाले, झाड काढून भिंतीला लावलं होतं मी, फार सुंदर दिसायचं. मग मालक म्हणाले हीट ट्रीटमेंट पण दाखवायला पाहिजे, म्हणजे आठाचे सोळा. त्यापेक्षा वाईट म्हणजे कच्चं कास्टिंग बाहेर जॉबवर्कला जाऊन मशीनिंग होऊन परत यायचं, तो माल तोच, पण माझ्या प्रोग्राममध्ये त्याचा क्लासच बदलायला लागायचा, आणि जावासारख्या भाषेत एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही. तीन आठवडे त्यात गेले. शेवटी झाड काढून टाकलं आणि एकच कास्टिंग ठेवलं, त्याच्याजवळ धातू कुठला ते, आणि झालेल्या प्रक्रियांची यादी. मशीनिंग झालं, यादीत एक ओळ वाढली. आजपण "क्ष हा य चा प्रकार आहे" असं वाक्य सुचलं की मी आधी विचारते, हे जन्मभर खरं राहणार आहे का मध्येच बदलणार आहे? बदलणार असेल तर वारसा नको.

आता ते वाक्य, "कुठनं सुरू होतं आणि कुठं संपतं तेच दिसत नाही." दादा, खरी अडचण ही आहे, वय नाही. तुमच्या पद्धतीत प्रोग्राम वरनं खाली वाचला की सगळा डोळ्यासमोर उभा राहतो, सगळी सूत्रं तुमच्या हातात. ऑब्जेक्टमध्ये ती सोडायला लागतात, दरपत्रकाला विचारलं, त्यानं सांगितलं, आत काय झालं ते आत्ता बघायचं नाही. वीस वर्षं एकट्यानं सगळं सांभाळलेल्या माणसाला हे किती जड जात असेल ते मला कळतंय. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोन प्रोग्रामरनी 1989 मध्ये एका पेपरमध्ये हेच लिहिलंय, की शिकवताना सगळ्यात अवघड काय तर शिकणाऱ्याला संपूर्ण प्रोग्रामवरची ही पकड सोडायला लावणं. त्यांनी त्यासाठी एक साधा खेळ काढला, तो तुम्ही करावा असं मला मनापासून वाटतं. पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं घ्यायची, एका कार्डावर एक क्लास, वर नाव, डावीकडं त्याची कामं, उजवीकडं कामाला कुणाची मदत लागते ते. बास, व्हेरिएबल नाहीत, कोड नाही. मग घरातल्या दोघा-तिघांना बसवा, एक जण संकलन, एक दरपत्रक, एक बिल, आणि सकाळची एक किटली खरोखर आणा, म्हणजे बोलून. "मी संकलन, माझ्याकडं 4 लिटर 6.2 फॅटचं दूध आलंय, दरपत्रक, दर सांग." ज्याच्या हातात ते कार्ड आहे त्यानंच उत्तर द्यायचं, तुम्ही मधे बोलायचं नाही. कुणाच्या कार्डावर कामं मावेनात तर तो बिलसर्व्हिस झाला, फोडा त्याला. कुणाला काहीच काम येईना तर ते कार्ड काढून टाका, तुमच्या म्हशीचं कार्ड पहिल्याच फेरीत गळेल. माझं स्वतःचं डोकं वळायला आठेक महिने लागले, त्यात सगळ्यात जास्त उपयोग या कार्डांचा झाला.

तीस हजारांचा क्लास लावायचा का, तर आत्ता नको. तो परत कुत्र्या-मांजरापासून सुरू होईल. तेच तीस हजार राहू देत आणि तुमच्याच जुन्या प्रोग्रामवर शिका, त्यातली प्रत्येक खोच तुम्हाला माहीत आहे म्हणजे डोक्याला एकच नवीन गोष्ट राहते. एखाद्या संस्थेची गेल्या वर्षीची बिलं घ्या, महिन्याला तीन, वर्षाची 36. जुन्या प्रोग्रामनं काढलेले आकडे फाईलमध्ये ठेवा आणि जावात अशी टेस्ट लिहा जी नवीन कोडची 36 बिलं त्याच्याशी पैशापर्यंत ताडून बघते. (पैसे डबलमध्ये, म्हणजे दशांशाच्या अंदाजी आकड्यात, ठेवू नका, पूर्णांकात पैसे ठेवा नाहीतर बिगडेसिमल हा अचूक दशांशाचा क्लास वापरा, नाहीतर पाच पैशांच्या फरकामागं आठवडा जाईल.) मग त्या 340 ओळींतनं आधी फक्त दर बाहेर काढा. टेस्ट चालवा. मग फक्त उचल. टेस्ट चालवा. एका वेळी एकच, आणि प्रत्येक पायरी गिटमध्ये (कोडच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साधनात) ठेवा म्हणजे मागं जाता येतं.

टेस्टिंग किंवा सपोर्टला जाणं कमीपणाचं नाही, चांगली कामं आहेत ती, पण त्या कामाची आवड म्हणून जा, या एका वाक्यापासून पळायला म्हणून जाऊ नका. पत्रात तुम्ही दराच्या त्या रात्रीबद्दल दीड पान लिहिलंय आणि टेस्टिंगबद्दल अर्धी ओळ, त्यावरनं तुमचं मन कुठं आहे ते मला दिसतंय. ही छत्तीस बिलं जुळवून झाली आणि तरीही नको वाटलं, तर तेव्हा जा, तेव्हा तो निर्णय तुमचा असेल.

आणि त्या पोराशी बोला. सगळ्यांसमोर नको, जेवणाच्या सुट्टीत, एकट्यात. त्याला सांगा की तू बोललास ते चारचौघांत लागलं मला, पण बिलसर्व्हिसबद्दल तुझं बरोबर होतं, कपात मी अशी अशी वेगळी काढतोय, बघतोस का. एवढं स्वच्छ बोललं की चांगली पोरं ऐकतात. आणि कार्डं घेऊन जा बरोबर, बिलाचं कार्ड त्याच्या हातात द्या आणि विचारा, पशुखाद्याची बाकी बिलापेक्षा जास्त निघाली तर तू काय करशील? बहुतेक त्याला सांगता येणार नाही, कारण तो संस्थेच्या कट्ट्यावर कधी बसलेला नाही. तिथनं तुम्ही सांगा.